फेल गेलेलं बी

"नानी, बी फेल गेलं."

गेणभाऊने मूठ उघडली आणि वाफ्यातली माती कुशाबाईच्या ओट्यावर सोडली. मातीत कांद्याचे काळे दाणे जसेच्या तसे पडलेले. पंधरा दिवस पाणी पिऊन एकाच्याही अंगावर मोड नव्हता.

कुशाबाई शेंगा फोडत बसली होती. हातातली शेंग हातातच राहिली.

"कुनाचं बी?"

"तुमचंच की. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी न्हेलेलं. आठ वाफं टाकलं, आठी मोकळं. गवत तेवढं उगावलंय."

"पानी लई दाबलं आसशील. न्हाईतर तुझ्या कोंबड्यांनी उकरलं आसंल."

"कोंबड्या कुठंयत माझ्याकडं, नानी?"

तो घरामागे बघू लागला. तिथे कुशाबाईचं स्वतःचं रोप वीतभर हिरवंगार उभं होतं. "तुमचं मातर झकास उतरलंय," तो म्हणाला. पुढचं बोलला नाही. न बोललेलंच कुशाबाईला जास्त झोंबलं.

आळे गावात कांदा कोण लावत नव्हता? पण बी म्हटलं की लोक कुशाबाईच्या दारात यायचे. घट्ट मानेचे, एका रंगाचे कांदे निवडून ती बियाण्यासाठी वेगळे लावायची. चैत्रात बियांचे गोंडे पिकले की स्वतः कापायची, स्वतः झोडपायची, स्वतः पाखडायची. नवरा हौशीराम असताना त्यालाही ती त्या सुपाजवळ फिरकू द्यायची नाही. बाजारात डबाबंद बियाणं येऊन दहा वर्षं झाली होती, तरी लोक म्हणायचे, डब्यावरच्या चित्रापेक्षा नानीचा शब्द खरा. चाळीस वर्षांत तिच्या दारातून नेलेलं बी कुणी परत आणून दाखवलं नव्हतं.

आणि आता हा शब्द. फेल.

कुशाबाई तिसरीपर्यंत शिकलेली, पण कान तिखट होते. तिच्या सासूच्या काळात प्रत्येक दुखण्याला आपापला शब्द होता. विहीर कोरडी जायची, बी दगा द्यायचं, पोरगं नापास व्हायचं, माणूस खचायचा. मग कुठून तरी हा एकच शब्द गावात शिरला आणि सगळ्यांच्या जागी जाऊन बसला. बोअर फेल. आळेफाट्याच्या उतारावर तिच्या मुलाच्या, दादाभाऊच्या, टेम्पोचा ब्रेक फेल. पुण्याच्या दवाखान्यात एका कोवळ्या डॉक्टरने, "आजी, यांच्या दोन्ही किडन्या फेल आहेत," असं सांगितलं, तेव्हा तिला वाटलं होतं, म्हणजे पुन्हा परीक्षेला बसवता येईल. हौशीराम तेरा दिवसांत गेला. तेव्हापासून तो शब्द तिने घरात कुणाला वापरू दिला नव्हता. अपवाद फक्त तिच्या स्वतःच्या जिभेचा, आणि तोही सुनेपुरता. रत्ना दहावीला गणितात गेली होती. चूल विझली, दूध उतू गेलं, काही झालं की कुशाबाई म्हणायची, "धावी फेल ती धावी फेलच."

आताही तिने तेच केलं.

"रत्ने! भाईर ये. गेणाला कंच्या पिशवीतलं बी दिलंस?"

रत्ना पदराला हात पुसत आली. "पिशवी तुमीच उतरवली व्हती, आत्या. मी निस्तं माप लावलं."

"म्हंजी मी खोटी? खुंटीला दोन पिशव्या व्हत्या. एक औंदाची, एक गेल्या सालची. तूच जुन्यात माप घातलंस. मोजायचं काम आन तुझ्याकडं! धावी फेल बाईच्या हातात माप दिलं, हीच माझी चूक."

गेणभाऊ मान खाली घालून चपला शोधू लागला. रत्नाचा चेहरा उतरला, पण ती जागची हलली नाही. "मी तवाच म्हनलं व्हतं, पिशव्यांना चिठ्ठ्या लावू," ती हळूच म्हणाली.

"चिठ्ठी तुला लागती. माझ्या हाताला कळतं."

कांद्याच्या बियाचं आयुष्य एका वर्षाचं, हे शेंबडं पोरही जाणतं. गेल्या सालचं उरलेलं बी फेकून द्यायला हवं होतं. पण स्वतः निवडलेलं, स्वतः पाखडलेलं. कुशाबाईच्याने ते उकिरड्यावर टाकवलं नाही. आणि हात होताच. नवं बी बोटांतून पाण्यासारखं निसटतं, जुनं जरा रेंगाळतं. हे तिला डोळे मिटूनही कळायचं.

गेणभाऊ गेल्यावर तिने दोन्ही पिशव्या मागवल्या. रत्नाला समोर बसवलं आणि डोळे मिटून एकेका पिशवीत हात घातला.

"ह्ये औंदाचं," ती म्हणाली. "आन ही दुसरी जुनी. बघच आता."

दोन्हींतली चिमूट चिमूट ओल्या फडक्यात बांधली. नव्याच्या पुरचुंडीला लाल दोरा, जुन्याला काहीच नाही. दोन्ही माठाखाली ठेवल्या. "सा दिसांनी सोडू. मंग कळंल कोनाचं चुकलं."

ते सहा दिवस कुशाबाईच्या अंगात काही तरी शिरल्यासारखं झालं. बसली की उठायची, उठली की रोपाकडे जायची, रोपाजवळ उभी राहिली की माठ आठवायचा. एक दिवस तिने भाजीत दोनदा मीठ टाकलं आणि ती भाजी कुणी काही बोलायच्या आत स्वतःच संपवली. पुरचुंड्यांवर पाणी शिंपडायला ती रत्नाला हात लावू देत नव्हती. रत्ना आपलं काम उरकून गोठ्यात जाऊन बसायची. दादाभाऊ टेम्पो घेऊन नाशिकला गेलेला. घरात दोन बायका आणि मधे एक माठ.

चौथ्या दिवशी दळण घेऊन ती गिरणीत गेली. गल्लीतली सरूबाई तिथे होतीच.

"नानी, औंदा घरापुरतंच चांगलं बी केलं जनू?"

गिरणी चालू होती, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुझ्या दातांपरीस बरं उगावतं माझं बी," कुशाबाई म्हणाली. बायका हसल्या. सरूबाईही बोळक्या तोंडाने हसली. पण परत येताना कुशाबाईला कळत होतं की आपण उत्तर दिलेलंच नाही.

सहाव्या दिवशी सकाळी रत्ना धार काढायला गोठ्यात गेली होती. कुशाबाईने माठ सरकवला आणि आधी बिनदोऱ्याची पुरचुंडी सोडली.

आत पांढरे मोड गच्च झाले होते. दाणा न् दाणा फुटलेला.

लाल दोऱ्याची तिने सोडली. काळं बी काळंच होतं. बोटाने दाबलं तर पचकन फुटलं आणि कुबट वास आला.

मग तिने स्वतःची बोटं पाहिली. अंगठ्याजवळची कातडी जाड, सुपासारखी गुळगुळीत झालेली. गेल्या हिवाळ्यापासून सुई धरली तर हातात आहे की नाही हे बघावं लागत होतं. ते तिला माहीत होतं. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि स्वतःलाही नाही. तिचं स्वतःचं रोप उगवलं ते हाताच्या पारखीने नव्हे, त्या दिवशी जी पिशवी हाताला लागली तिच्या नशिबाने.

गोठ्यातून चरवीत पडणाऱ्या धारांचा आवाज येत होता. दोरा तिच्या बोटात होता. मोड आलेल्या पुरचुंडीला तो बांधायला किती वेळ लागणार होता? रत्ना आली असती, बघितलं असतं, खाली मान घातली असती. गेणभाऊला निरोप गेला असता की सुनेने घोळ केला. चाळीस वर्षांचं नाव जागच्या जागी राहिलं असतं.

तिने दोरा बांधला. गाठही मारली.

धारांचा आवाज थांबला. रत्ना चरवी घेऊन दारात आली, तेव्हा कुशाबाई नखांनी ती गाठ उपसत होती आणि गाठ सुटत नव्हती. शेवटी तिने दोरा दातांनी तोडला.

"दूध ठिव," ती म्हणाली. "डोक्यावर पदर घे आन चल."

"कुठं?"

"इचारू नकोस."

दोन्ही पुरचुंड्या ओच्यात घेऊन ती पुढे, रत्ना मागे. वाटेत रत्नाने एकदा, "आत्या, लोकांम्होरं नगा बोलू मला," असं म्हटलं. कुशाबाईने चाल वाढवली.

गेणभाऊच्या ओट्यावर तो आणि त्याची बायको इंद्रायणी चहा पीत होते, शेजारचा सावळेराम टेकून बसला होता. कुशाबाई बसली नाही. तिने दोन्ही फडकी त्यांच्यापुढे उघडून ठेवली.

"गेणा, त्या दिशी तुझ्याम्होरं मी हिला बोलले. म्हनून तुझ्याम्होरंच सांगते. पिशवी मी काढली. मी जिला नवी म्हनले ती जुनी निघाली. हिची काय बी चूक न्हाई."

"जाऊ द्या नानी, व्हतं..."

"मला बोलू दे. पोरगी गनितात फेल हाय, कामात न्हाई. फेल माझा हात गेलाय." तिने कुजलेल्या बियांचं फडकं पुढे सरकवलं. "घरामागचं रोप औंदा तुझं. लागन कर. आता बी टाकून तुला टायम ऱ्हायला न्हाई."

"आन तुमचं रान?" इंद्रायणीने विचारलं.

"माझं रान कुठं पळून चाललंय? हरबरा पेरीन. आन पुढच्या सालापास्नं माझ्याकडं बी मागायला येऊ नगा."

सावळेरामने काही बोलायला तोंड उघडलं, पण कुशाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने चहा मागितला.

पुढच्या महिन्यात गेणभाऊच्या रानात लागण निघाली. रोपाच्या जुड्या घेऊन दहा बायका वाफ्यात उतरल्या, तेव्हा अकरावी कुशाबाई होती. कुणी बोलावलं नव्हतं. "माझं रोप हाय, मुळं मोडाल," एवढंच ती म्हणाली आणि कासोटा खोचून कडेच्या वाफ्यात बसली. उभ्या जन्मात ती दुसऱ्याच्या रानात राबली नव्हती; बायकांनी एक जुडी तिच्याकडे सरकवली.

बायका बोलत, हसत पुढे सरकत गेल्या. कुशाबाई मागे पडली. दोनदा तिच्या बोटांतून रोप गळून पडलं. तिसऱ्यांदा ते पाण्यात शोधत असताना शेजारच्या वाफ्यात कुणी तरी उतरलं.

रत्ना होती. तिने जुडी सोडली, चार रोपं लावली आणि थांबून ओंजळीने पाय धुतले. मग आणखी चार लावली आणि केस सारखे केले. आख्ख्या आळीत लागणीला रत्नाएवढा चपळ हात नव्हता; पण वाफा संपेपर्यंत ती सासूच्या पुढे एक वीतही गेली नाही.