कुटुंबातर्फे आभार

मरणाच्या आदल्या दिवशी डॅडींनी स्वतःच्या अंत्यविधीची तालीम घेतली. तब्येत ठीक होती. सकाळी लोणी घालून मक्याच्या कण्या खाल्ल्या, मीठ कमी पडलं म्हणून माझ्याशी भांडले, आणि मग रेव्हरंड गॅस्कना स्वयंपाकघरात टेबलासमोर उभं करून त्यांच्याकडून श्रद्धांजलीचं भाषण म्हणवून घेतलं. आमच्या हार्लेममध्ये, काळ्यांच्या या वस्तीत, याचं कुणाला नवल वाटत नाही. इथली म्हातारी माणसं पुरायचा सूट आणि म्हणायची गाणी आधीच ठरवून ठेवतात. डॅडी नट होते, म्हणून त्यांनी वक्तेही निवडले होते.

“‘महान’ फार लवकर आलं, रेव्हरंड,” ते म्हणाले. “पहिल्याच वाक्यात डोंगरावर चढलात, तर पुढे चढणार कुठे?”

“मग कुठे घालू, मिस्टर प्रिड्जन?”

“अगदी शेवटी. आणि त्याआधी जरा थांबा. बायकांना रुमाल काढायला वेळ द्या.”

रेव्हरंडांनी मान डोलावली आणि पुढचं वाक्य म्हटलं. “कठीण काळात आपलं चर्च एल्स्वर्थ प्रिड्जन यांच्या पाठीशी खडकासारखं उभं राहिलं.”

मी भांडी घासत होते. हात थांबला.

“‘खडकासारखं’वर जोर द्या,” डॅडी म्हणाले.

रेव्हरंड गेल्यावर मी म्हटलं, “याच चर्चनं तुमच्या तोंडावर दार लावलं होतं.”

“या पोरानं नाही लावलं. तो जन्मलाही नव्हता.”

“चर्च जन्मलं होतं ना?”

“व्हर्नेल, ती आपलीच माणसं. घाबरली होती.”

“मग घाबरलो होतो म्हणू दे त्यांना. खडक कसले?”

“हे बघ, तुझा प्रवेश शेवटचा आहे. कुटुंबातर्फे आभार. तू आभार मान आणि खाली बस.” एवढं बोलून त्यांनी कण्या उरल्यात का ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाका मारल्या. ते उठले नाहीत.

वर्तमानपत्रांनी त्यांना राष्ट्राची सदसद्विवेकबुद्धी म्हटलं. राष्ट्रानं ही बुद्धी बराच काळ लिफ्ट चालवायला ठेवली होती. एकोणीसशे एकावन्न साली दक्षिणेतल्या काही काळ्या पोरांना फाशी होणार होती. ती थांबावी म्हणून डॅडींनी एका सभेत भाषण केलं. कम्युनिस्ट हुडकणाऱ्या वॉशिंग्टनच्या समितीनं त्यांना बोलावून विचारलं, सभेला आणखी कोण कोण होतं? डॅडी म्हणाले, “उजेड माझ्या डोळ्यांवर होता, मला प्रेक्षक दिसले नाहीत.” त्यानंतर त्यांना एकही भूमिका मिळाली नाही. आमच्या चर्चच्या तळघरात ते शनिवारी मुलांची नाटकं बसवत. तेही बंद झालं. ते मग शहरातल्या एका हॉटेलात लिफ्ट चालवत आणि घरी येऊन प्रत्येक मजल्याची नक्कल करून दाखवत. नवव्या मजल्यावरची बाई कुत्र्याला माणसासारखं आणि डॅडींना कुत्र्यासारखं बोलवायची. आम्ही पोट धरून हसायचो.

पुढे काळ बदलला. काळ्यांच्या हक्कांसाठी निघणाऱ्या मोर्चांना आवाज हवा होता आणि डॅडींचा आवाज रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पोचत असे. ते तुरुंगात गेले, बाहेर आले, पुन्हा गेले. मग सिनेमालाही त्यांची आठवण झाली. तोवर केस पांढरे झाले होते, त्यामुळे त्यांना न्यायाधीश, आजोबा आणि पाद्री एवढंच करायला मिळालं. देवाची भूमिका दोनदा केली. त्यातली एक दातांच्या पेस्टच्या जाहिरातीत. चर्चनंही बोलावलं. डॅडी गेले आणि पहिल्या बाकावर बसू लागले. तळघराला कुलूप कुणी लावलं होतं, हा विषय निघालाच नाही. मी दर रविवारी त्यांच्या शेजारी बसत असे आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन मंडळींशी हात मिळवत असे.

अंत्यविधीला रस्ता बंद करावा लागला. कार्यक्रमपत्रिकेवर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘वक्त्यांनी कृपया दोन मिनिटं बोलावं.’ हे आमच्याकडे नेहमीच छापतात आणि ते आपल्याला लागू नाही अशी प्रत्येक वक्त्याची खात्री असते.

माझ्या शेजारी सिस्टर ओडेसा होती; आमच्या चर्चमध्ये सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणतात. पंचाऐंशी वर्षांची, पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे. रडणाऱ्यांना पंखा आणि कागदी रुमाल देणं हे तिचं जन्माचं काम.

“नाक पूस, पोरी,” ती कुजबुजली.

“मी रडत नाहीये.”

“तरी पूस. कॅमेरा आलाय.”

पहिले बोलले आमच्या भागाचे नगरसेवक. त्रेसष्टच्या मोर्चात आपण डॅडींच्या खांद्याला खांदा लावून चाललो, असं त्यांनी सांगितलं. हा गृहस्थ त्या वर्षी रांगत असणार.

“पाळण्यातूनच मोर्चाला गेला की काय!” ओडेसा म्हणाली.

मग एक निर्माते आले. “एल्स्वर्थनं माझ्याकडे कधी काम मागितलं नाही. इतका स्वाभिमानी!” डॅडी काम मागायचे. हे फोन उचलत नसत.

आमच्याकडे वक्ता लांबला की ऑर्गनवर बसलेले ब्रदर लेम्युएल हळूच सूर धरतात. सूर चढला की समजायचं, आता बसा. निर्मात्यांना वाटलं, आपल्याला साथ मिळतेय. त्यांनी आवाज चढवला. लेम्युएलनी आणखी चढवला. शेवटी निर्माते हरले, पण लोकांना ती परमेश्वराची उपस्थिती वाटली आणि बरेच जण उभे राहिले.

रेव्हरंड गॅस्क छान बोलले. ‘महान’ अगदी शेवटी आलं, त्याआधी ते थांबले, आणि बायकांनी रुमाल काढले. ‘खडकासारखं’वर असा जोर दिला की टाळ्या पडल्या. मी शवपेटीतल्या डॅडींकडे पाहिलं. ते प्रसन्न दिसत होते. पण तो चेहरा अंत्यविधीवाल्यांनी बसवला होता.

माझं नाव पुकारलं गेलं. वाटेत रेव्हरंडांनी माझा कोपर धरला. “सिस्टर व्हर्नेल, एकच मिनिट. दफनभूमीवाले खोळंबलेत.”

“मला आभारच मानायचेत,” मी म्हणाले. तेव्हा ते खरंही होतं.

“कुटुंबातर्फे मी आभार मानते,” मी सुरुवात केली. “फुलांबद्दल. घरी पाठवलेल्या कोंबडीबद्दल आणि मॅकरोनीबद्दल. आणि आपल्या या चर्चनं…”

वाक्य तिथेच अडलं. रडू आलं नव्हतं. पुढचा शब्द तोंडात होता, तो बाहेर यायला तयार नव्हता.

आमच्या चर्चला बोलता बोलता थांबलेला माणूस पाहवत नाही. तो दुःखानंच थांबला असं सगळे धरून चालतात आणि त्याला मागून बळ देतात.

“सावकाश, बाळ!”

“वेळ घे, पोरी, वेळ घे!”

“मनात ठेवू नकोस!”

“घ्या वेळ, सिस्टर!” हे रेव्हरंड. दफनभूमीवाल्यांचा त्यांना विसर पडला होता. ऑर्गननं माझ्याखाली मऊ सूर अंथरला.

“सांग!” गॅलरीतून कुणी ओरडलं. “सगळं सांग!”

“एकावन्न साल होतं,” मी म्हणाले.

“हो, होतं!”

“मी आठ वर्षांची होते.”

“होतीस, बाळ!”

“या चर्चच्या डीकनांनी तळघराचं कुलूप बदललं.”

“बदललं, प्रभू, बदललं!” मागच्या बाकावरून आवाज आला, आणि मग तो आवाज आपण काय बोललो ते समजून विरून गेला.

पंखे थांबले. लेम्युएलचे हात पट्ट्यांवरून उचलले गेले. रेव्हरंड खुर्चीतून अर्धे उठले.

“बसा, रेव्हरंड,” सिस्टर ओडेसा म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता. “माझा नवरा त्या डीकनांत होता. सांग, पोरी.”

मी सांगितलं. आमच्या नाटकाचे कपडे खोक्यांत भरून फुटपाथवर ठेवले होते. मुलं जमली होती, म्हणून डॅडींनी हॅट काढून बंद दाराला कमरेत वाकून नमस्कार केला. मुलं हसली. मग आम्ही दोघांनी खोकी उचलली. समोरून चर्चची माणसं येत होती. ती एकाएकी दुकानांच्या काचा न्याहाळू लागली. घरी आल्यावर डॅडींनी न्हाणीघराचं दार लावून नळ सोडला, बराच वेळ सोडून ठेवला. नळाच्या आवाजामागे काय चाललंय ते मला बाहेर ऐकू येत होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, कुणाला सांगायचं नाही, आपलीच माणसं आहेत.

“मी सांगितलं नाही,” मी म्हणाले. “त्यांनी तुम्हाला केव्हाच माफ केलं. मी केलेलं नाही. आणि त्यांनी इतक्या सहज केलं, याबद्दल त्यांनाही नाही.”

मी पेटीकडे वळले.

“डॅडी, सकाळपासून सगळे म्हणतायत, आम्ही त्यांच्याबरोबर होतो. तुम्हीही त्यांना तसं म्हणू दिलंत. यांच्यातलं कुणी नव्हतं, डॅडी. मी होते.”