जावळाआधीचा फोटो

रोशनीने शिरेत सुई घातली आणि नेमका तेव्हाच तिच्या कोटाच्या खिशातला फोन थरथरला. समोरचे काका डोळे घट्ट मिटून बसले होते. तिने नळी भरू दिली, कापूस दाबून धरला, "हात मुडपून ठेवा काका, पाच मिनिटं," असं सांगितलं आणि मगच फोन पाहिला.

"ताई, तुमच्या होळी गावात पोचलो, घरीच आहे. तुमच्या आई फारच गोड आहेत! जुना फोटो इथूनच घेतो."

मेला हा प्रितेश! शेवटी गाठलंच त्याने घर.

प्रितेश एका लोकल न्यूज चॅनलचा पोरगा. चंदनसारच्या या लॅबमध्ये रोशनीला आठ महिने मागच्या खोलीत मशीनपाशी बसवलं होतं, पेशंटच्या नजरेला पडू नये म्हणून. तिने अर्जांवर अर्ज केले, सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे ही पुढची खुर्ची मिळाली. त्याची बातमी करायला म्हणून हा आला आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, एकदा टाळी वाजवून दाखवता?" तिने डोळे वटारले तसा जुन्या फोटोच्या मागणीवर आला.

"आधी मुलगा, नंतर तुम्ही. एका स्क्रीनवर दोन्ही. त्याशिवाय लोक बघत नाहीत हो."

"बघतात रे. जन्मभर बघतच आलेत," ती म्हणाली होती. "मी कामाबद्दल बोलेन. फोटो मिळणार नाही."

आणि आता हा थेट आईच्या दारात. आईच्या ओटीवर, आत शिरल्याशिरल्या समोरच्या भिंतीवर, तोच फोटो टांगलेला. दहावीच्या सत्काराचा. बारीक मिसरूड फुटलेला, नारळ-शाल घेतलेला मुलगा आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवलेले बाबा. तो काढ म्हणून तिने एकदाच आईला सांगून पाहिलं होतं.

"तुज्या बापाचा शेवटचा फोटो हाय तो," आई म्हणाली होती. विषय तिथेच मिटला. बाबा गेल्यापासून आई दर रविवारी तिला जेवायला वाढायची, पिशवी भरून अळू, वांगी द्यायची. पण शेजारीण आली की "आमचं रोशनी आलंय" म्हणून मोकळी व्हायची. आलंय! मांजर असल्यासारखं.

"मॅडम, मी तासाभरात येते," असं सांगून रोशनीने स्कूटर काढली. तो फोटो एकदा का मोबाइलवर फिरला की संपलंच सगळं. उद्यापासून खुर्चीत बसणारा माणूस सुईकडे बघणार नाही, तिच्या ओठावरची मिशी शोधत बसेल. मग काय, परत मागची खोली.

पुलावर गाड्या अडकलेल्या. तिने तीनदा प्रितेशला फोन लावला, तीनदा त्याने कापला. आईला लावला तर नुसती रिंग. आई कशाला नाही म्हणेल? कॅमेरा घेऊन पाहुणा आलाय म्हटल्यावर चहा करेल, वर फोटो पुसून हातात देईल. भाबडी आहे. आणि भाबडी तरी कसली, तिला तोच मुलगा हवाय अजून! पुढची गाडी सरकली तरी रोशनी तशीच थांबून राहिली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवर हात ठेवला तेव्हा ती भानावर आली.

होळीच्या वाडीत शिरली तेव्हा भाजीच्या वाफ्यांना पाणी सोडलेलं होतं. दारात प्रितेशचे बूट. ती चपलांसकट ओटीवर चढली.

"प्रितेश, तो फोटो काढायचा नाही!"

"ताई, काढला पण," प्रितेश कानकोंडा होऊन म्हणाला. "मावशींनी हाच दिला. दुसरा नाही म्हणतात."

त्याच्या हातात पोस्टकार्डाएवढा, कडा पिवळ्या पडलेला फोटो होता. वर्ष-दीड वर्षाचं बाळ, परकर-पोलकं, गालावर तीट, दोन इवल्या वेण्या. जावळाला कात्री लागायच्या आधी मुलाला हौसेने असं नटवून स्टुडिओत न्यायची पद्धत. घरोघरी असा एक फोटो असतो आणि मोठेपणी पोरं तो लपवत फिरतात.

"पण मावशी," प्रितेश चुळबुळला, "असा तर माझापण आहे."

"मंग लाव ना तुजा बाजूला," आई चहाचा कप त्याच्यापुढे सरकवत म्हणाली. "बगू दे लोकांना. कोन कसं मोठं झालं."

प्रितेशने चहा प्यायला, कॅमेरा पिशवीत घातला आणि "मग लॅबमध्येच शूट करू, ताई, कामाचं," असं पुटपुटत बूट चढवले.

तो गेल्यावर रोशनी फोटो घेऊन बसली. "मला वाटलं हा हरवला."

"कसा हरवंल? वेन्या तुज्या बापानं घातल्यात. मना जमंना, तू हलायचीस."

रोशनीने वर पाहिलं. समोरच्या भिंतीवर नुसता खिळा होता. खाली चौकोनी, कमी मळलेली जागा, आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं उंच स्टूल. दोन वर्षं झाली, गुडघ्यांपायी आई ओटीची पायरीसुद्धा धरून चढायची. वांग्यांच्या टोपलीखालून सत्काराच्या फोटोच्या चौकटीचा कोपरा डोकावत होता.

"या स्टुलावर तू चढलीस?"

आई कप गोळा करत होती.

"आई, गुडघे दुखले असतील ना."

"दुकतात तर," आई म्हणाली. "पन माजी लेक टीव्हीवर यायची. म्हटलं, भिंत साफ दिसू दे."

रोशनीने टोपली उचलून बाजूला ठेवली. चौकट ओढणीने पुसली, बाबांच्या चेहऱ्यावर जरा जास्तच वेळ पुसली. मग चपला काढल्या आणि चौकट घेऊन स्टुलावर चढली.

"धर ग, आई. हलतंय."

आईने दोन्ही हातांनी स्टूल धरलं.