कुठेच निळं नाही

"नीट शोधा हं. निळा ठिपका दिसला तरी सांगा," सूक्ष्मदर्शकाशेजारी उभ्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

घरातली धाकटी सून या प्रयोगशाळेत काम करायची. तिने काच सरकवली. उंदराच्या पिल्लाचं ते इवलंसं काळीज तिनेच मेणात बसवून कापलं होतं, रंगवलं होतं. चांगला स्नायू लाल दिसतो, जखमेचा व्रण निळा. पिल्लू तीन दिवसांचं असताना त्याच्या काळजाला इजा केली होती, आणि आता पाहावं तर सगळं लालच लाल.

"कुठेच नाही, बाई."

डॉक्टरबाई खूश झाल्या. "नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचं काळीज आपोआप भरून येतं. दोन-तीन दिवसांत पेशींभोवतीची जाळी ताठ होते, मग पेशी वाढत नाहीत, नुसता व्रण धरतो. आपण औषधाने जाळी मऊ ठेवली, बस्स."

"आणि माणसाचं?"

"ते फार लांब आहे हो अजून."

धाकटीने दुसरी काच घेतली. उंदराच्या पिल्लावर जळायची वेळ यावी म्हणजे हद्दच झाली, पण ती जळत होती. घरी तर त्याहून जास्त. जावेच्या गोट्याला जन्मल्या दिवशीच काळजाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती, आणि आज ते कार्टं पायऱ्या गाळत जिने चढतं. धाकटीच्या लेकीला नवव्या वर्षी ताप आला, काळजात उतरला, आणि तेव्हापासून ती मजल्या-मजल्यावर बसते. वर थोरली जाऊ येईल त्याला सांगते, "मी डोळ्यांत तेल घालून जपलं बाई." म्हणजे धाकटीने जपलं नाही, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

संध्याकाळी थोरली स्वयंपाकघरात तिची वाटच पाहत होती. लेक टेबलाशी गणितं सोडवत होती.

"गोट्याला दाखवून आणलं आज. म्हणाले, मागमूसही राहिला नाही, आता यायला नको." थोरलीने आवाज खाली आणला. "तू त्यातलंच काम करतेस ना गं? खरं सांग. मोठा झाल्यावर परत उपटणार नाही ना? माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही."

'काही सांगता येत नाही' एवढे चार शब्द पुरले असते. ते अगदी धाकटीच्या ओठांवर आले होते. थोरलीने जन्मभर कुढावं, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं.

"डॉक्टर म्हणाले तेच खरं, ताई," ती शेवटी म्हणाली. "पिल्लांत तर मी रोज बघते. तेवढ्या वयात काळजात आजूबाजूचं सगळं मऊ असतं. जखम भरते, खूणसुद्धा राहत नाही." मग तिला राहवलं नाही. "जपण्या-न जपण्याचा त्यात काही संबंध नसतो."

थोरली मटकन बसली आणि डोळे पुसू लागली. धाकटीचं बोलणं तिला लागलं की नुसतं हायसं वाटलं, कळायला मार्ग नव्हता.

"आई," लेकीने वहीतून मान वर केली, "मग मी कधी आजारी पडायला हवं होतं?"

थोरलीचा हात डोळ्यांशीच थांबला. धाकटी लेकीशेजारी खुर्ची ओढून बसली. इतकं बोलून झाल्यावर आता खोटं सांगायची सोय नव्हती.

"जन्मलीस ना, तेव्हाच."



"मग हुकलंच," लेक म्हणाली, आणि पुन्हा गणितं सोडवायला लागली.