अकरा ओळी

तृप्तीने जुन्या प्रोग्रॅमच्या छापील कागदाला चिकटलेला कोहळ्याच्या वडीचा तुकडा नखाने हळूच खरवडला. खालची ओळ वाचता येऊ लागली.

“आई, याच्यावर वड्या कायले वाळवल्या?”

“तुह्या बाबानंच देल्ला होता कागद. म्हणे, आता माह्या कामाचा नाही.” सत्यभामाबाई दारातच थांबल्या. “ते होते तवरी कोणी विचारलं नाही त्या कागदाले.”

ईश्वररावांना जाऊन सव्वा महिना झाला होता. नागपूरच्या एका विमा कंपनीच्या मोठ्या संगणकासाठी त्यांनी सत्तावीस वर्षं असेंब्लर भाषेत प्रोग्रॅम लिहिले आणि निवृत्त झाल्यावर ते आंधळगावला परतले. त्याच विभागात आता तृप्ती होती. तेरवीनंतरही ती आईपाशी राहिली होती आणि घरूनच काम करत होती.

सकाळी विभागप्रमुख श्यामरावांचा फोन आला होता. साकोलीची नवी शाखा यादीत घातली, आणि तुमसरच्या लोकांच्या पॉलिसी साकोलीच्या म्हणून छापून आल्या. बिघाड सापडला तो ईश्वररावांनी लिहिलेल्या रिकव्हरी रूटीनमध्ये.

“चार वाजेपर्यंत अहवाल द्याचा आहे,” श्यामराव म्हणाले होते. “ईश्वरभाऊचं नाव टाकून मोकळे होऊ. ते तर गेले. त्यायले आता कोण नोटीस देते?”

“थांबा काका. मले पाहू द्या.”

तिला ते लागलं होतं. प्रोग्रॅम कोसळला की यंत्रणा रिकव्हरी रूटीनला उठवते. काय झालं ते त्याने नोंदवायचं, अडकलेलं सोडवायचं, आणि काम पुढे न्यायचं की थांबवायचं ते ठरवायचं. बाबा नव्या पोरांना बजावत, “आधी कुठं पडलं ते लिहा, मंग उचला. न लिहिता उचललं तर ते रोज तिथंच पडन.” असा माणूस रूटीनमध्ये चूक ठेवेल?

संगणकावरच्या प्रतीत उत्तर नव्हतं. कोणी कधी बदल केला याच्या उजव्या कडेच्या खुणा नव्या यंत्रणेवर नेताना गळून गेल्या होत्या. त्या फक्त या छापील कागदावर उरल्या होत्या.

रिकव्हरी रूटीनमध्ये बाबांनी नंतर घातलेल्या अकरा ओळी सापडल्या. तुमसरपाशी प्रोग्रॅम कोसळला की त्या तुमसरची माहिती वेगळ्या जागी ठेवून काम पुढे नेत. आता साकोलीची माहितीही त्याच जागी जाऊन बसली होती. आणि नोंद करणाऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक तारा होता. तारा घातलेली ओळ संगणक वाचत नाही.

बाबांनी नोंद बंद केली होती.

तृप्तीने कागद उलटत मूळ प्रोग्रॅम गाठला. शाखांच्या यादीत जागा छत्तिसांची होती. सदतिसावं नाव तुमसर. कोणीतरी नाव घातलं, जागा वाढवलीच नाही. तिने कडेकडे पाहिलं. तिथे तिची स्वतःची आद्याक्षरं होती, १२ ऑगस्ट २०१४.

बाबांच्या अकरा ओळींच्या कडेला १३ ऑगस्ट होतं.

त्या ऑगस्टमध्ये ती शिकाऊ होती. कोसळलेल्या प्रोग्रॅमपायी दुसऱ्या एका शिकाऊला त्याच महिन्यात कामावरून काढून घरी पाठवलं होतं. दुरुस्तीच्या अर्जावर चूक करणाऱ्याचं नाव लागत असे. रिकव्हरी रूटीन मात्र बाबांच्या हातचं होतं, त्यात बदल करायला ते कोणाला विचारत नसत.

तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग फोन लावला.

“काका, चूक बाबाची नोहे. यादीची जागा मी वाढवली नव्हती. माहं नाव टाका.”



“ते खुणावाले कागद अजून आहेत का घरी?” श्यामरावांनी विचारलं.

“तुमाले माहीत होतं?”

“मीच होतो बाजूच्या खुर्चीवर. पोरगी कायम झाली का काढून टाकतो म्हणे. तू कायम झाली तवा पेढा आणून देल्ला त्यानं. मी म्हटलं, ते ओळी? तर म्हणे, राहू दे, कोणाचं काय खाऊन राहिल्या. तो असता तर आजही आपलंच नाव टाक म्हणला असता. म्हणून म्हटलं सकाळी.”

“माहंच टाका, काका.”

“नोटीस येईन, तृप्ती.”

“येऊ द्या.”

फोन ठेवून तिने संगणक जवळ ओढला. यादीची जागा साठांची केली आणि कडेला स्वतःची खूण व आजची तारीख घातली. तुमसर आता आपल्या जागी बसलं. बाबांच्या ओळींचं काम संपलं होतं.

“झालं का बाबाचं काम?” सत्यभामाबाईंनी आतून विचारलं.

“होऊन राहिलं.”

अकराही ओळी एका आज्ञेत पुसता आल्या असत्या. तृप्तीने पहिल्या ओळीवर बोट ठेवून ती नीट वाचली, मग पुसली. मग दुसरी वाचायला घेतली.