चौदावी दुरुस्ती

निवृत्त झालेली लढाऊ जेट विमाने संग्रहालयांच्या आवारात उभी राहतात. त्यांची कागदपत्रे मात्र भंगारात जातात, आणि भंगारातून ती माझ्याकडे येतात. देखभालीच्या पुस्तिका, वैमानिकांच्या टिपणवह्या, सुट्या भागांच्या याद्या, एकदा तर पंखाच्या सांध्याचा जेवणाच्या टेबलाएवढा आराखडा. मी त्यांची पाने मऊ ब्रशने झाडतो, स्कॅन करतो आणि कोणालाही फुकट वाचता यावीत म्हणून संकेतस्थळावर ठेवतो. "ती विमानं उडायची थांबून चाळीस वर्षं झाली," बायको म्हणते, "धूळ मात्र अजून आपल्याच घरात उतरते." या विधानात तथ्य असल्याने मी त्याचा प्रतिवाद करत नाही. इतर बहुतेक विधानांचा करतो.

गेल्या महिन्यात एका दुपारी पन्नाशीची एक बाई दारात आली. हातात छापून काढलेला एकच कागद होता.

"हे पान तुम्हीच टाकलंय ना?" तिने बसण्याआधीच विचारले.

पान दोनशे बारा. एका एकआसनी जेट विमानाची देखभाल-पुस्तिका. सहा वर्षांपूर्वी ती मला रद्दीच्या गठ्ठ्यात सापडली होती.

"मीच. का, नीट दिसत नाहीये?"

"फार नीट दिसतंय. तीच तर अडचण आहे."

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवण्याचे काम करत असे. तिचे वडील त्याच विमानांवर मेकॅनिक होते. त्यांच्या त्र्याऐंशीव्या वाढदिवसाला तिने माझ्या संकेतस्थळावरची ही पुस्तिका छापून, बांधून त्यांना दिली होती. पुठ्ठ्यावरचा शिक्का त्यांच्याच तुकडीचा होता. म्हणजे ज्या प्रतीवर त्यांनी उमेदीची वर्षे काढली, नेमकी तीच प्रत माझ्याकडे येऊन पडली होती.

"तीन दिवस बाबा नुसते बोलत होते," ती म्हणाली. "आईलाही कधी सांगितलं नसेल ते मला सांगितलं. चौथ्या दिवशी या पानापाशी आले आणि पुस्तक मिटलं."

त्या पानावर एक साधी सूचना होती. उड्डाणानंतर चाक पोटात वर धरून ठेवणारा जो आकडा असतो, त्याची स्प्रिंग दर दहा उड्डाणांनी भिंगातून तपासावी. पानाच्या तळाशी तारीख होती : ३ मार्च.

"एकोणीस मार्चला बाबांच्या विमानाचं उजवं चाक बाहेरच आलं नाही. तीच स्प्रिंग तुटली होती. विमान पोटावर घसरलं. वैमानिक वाचले, पण उजवा पाय कायमचा अधू झाला. दोन वर्षांपूर्वी वारले ते. तोवर दरवर्षी आमच्याकडे यायचे, काठी दारामागे ठेवायचे आणि बाबांना म्हणायचे, 'अरे, तू सगळं पुस्तकाप्रमाणे केलं होतंस, मग तुझा काय दोष?' त्या एका वाक्यावर बाबांनी चाळीस वर्षं काढली. आता पुस्तकच म्हणतंय, केलं नव्हतंस."

"भिंगातून तपासणी त्यांनी केली नव्हती?"

"कधीच नाही. काल म्हणाले, मी मित्राचा पाय घेतला आणि वर त्याच्याच तोंडून माफी ऐकत राहिलो. जेवण नावापुरतं आहे." तिने कागदाची घडी घातली. "तुम्ही हे पान काढून टाका. आणि बाबांना फोन करून सांगा, तारीख चुकीची छापली गेलीय."

मी म्हणालो की हे शक्य नाही. जुना कागद आपल्या सोयीने बोलत नाही, म्हणूनच त्याला किंमत असते. आज एक तारीख कोणाच्या समाधानासाठी खोटी ठरवली, तर उद्या—

"उद्याचं उद्या बघू. माझा बाप आज उपाशी आहे."

"अहो," पाण्याचा पेला पुढे करत बायको म्हणाली, "त्या वाद घालायला आलेल्या नाहीत. त्यांना मूळ पुस्तक तरी दाखवा."

मी खोक्यातून मूळ पुस्तिका काढून तिच्यासमोर ठेवली. तिने दोनशे बारा काढले, आणि वाचण्याऐवजी पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग दोनशे दहावरून. मग पुन्हा दोनशे बारावरून.

"याची भोकं कमी झिजलीत," ती म्हणाली. "हे पान नंतर आलंय का?"

अशी पुस्तिका शिवलेली नसते. तिची पाने कड्यांत अडकवलेली असतात. कारखान्याकडून दुरुस्ती आली की जुने पान काढून नवे घालतात. नव्या पानाच्या तळाशी ते छापल्याची तारीख असते. ते पुस्तिकेत प्रत्यक्ष कधी घातले, हे सुरुवातीच्या एका नोंदपत्रकावर सहीनिशी लिहितात. हे मला पुरेपूर ठाऊक होते. आणि ते नोंदपत्रक मी संकेतस्थळावर टाकलेच नव्हते. तारखा, सह्या आणि तेलकट अंगठ्यांचे ठसे यापलीकडे त्यात काही नव्हते. तो मला मजकूर वाटला नव्हता.

पत्रक खोक्याच्या तळाशी एका पाकिटात होते. मी बोटाने ओळी मोजत खाली आलो. दुरुस्ती क्रमांक चौदा, पान दोनशे बारा. पुस्तिकेत घातल्याची तारीख : ३० मार्च.

तिने ती तारीख दोनदा वाचली आणि म्हणाली, "चला. तुम्हीच सांगा त्यांना. मी सांगितलं तर म्हणतील, लेक समजूत घालतेय."

वृद्ध मेकॅनिक खिडकीपाशी बसले होते. शेजारच्या स्टुलावर झाकलेले ताट होते. मी पत्रक त्यांच्या हाती देऊन सगळे क्रमाने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि नकारार्थी मान हलवली.

"तारीख मागाहून टाकली असेल. अपघातानंतर सगळेच अंग काढून घेतात."

"वरची तेरावी नोंद पाहा, खालची पंधरावी पाहा. तारखा ओळीने आहेत आणि पंधरावी दुसऱ्याच हाताची आहे. मधे नोंद घुसवायला जागाच नाही."

"पण मला पानाशिवाय कळायला हवं होतं. दहा वर्षं त्या विमानाखाली झोपलोय मी."

"पानावर काय लिहिलंय? 'हा तडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.' तुम्हाला भिंग कोणी दिलं होतं?"

"नव्हतं दिलं."

"मग?"

आयुष्यात मी पुष्कळ वाद जिंकले, आणि त्यातले बरेचसे नुसते जिंकण्यासाठी. हा हरलो असतो तर घरी जाऊन कोणत्या तोंडाने स्कॅनरपाशी बसलो असतो, ते मला माहीत नाही.

त्यांनी पत्रक डोळ्यांजवळ नेले आणि सहीवर नख टेकवले. "हा लांब्या. स्टोअरमधला. सहीची शेपटी अशी ओढायचा की खालची ओळ खराब व्हायची. त्याच्या टेबलावर टपालाचा ढीग पडलेला असायचा. सवडीने फोडायचा." ते थांबले. "म्हणजे एकोणीस तारखेला हे पान..."

"वाटेत असेल, नाहीतर त्या ढिगात. पुस्तकात नव्हतं."

त्यांनी पत्रक मांडीवर ठेवून त्यावर पंजा पसरला.

"माझ्या वैमानिकाला हे कळायला हवं होतं," ते म्हणाले.

"काकांना ठाऊकच होतं, बाबा," मुलगी म्हणाली. "पान न बघताच ठाऊक होतं. तुम्हालाच कागद लागला."

त्यांनी डोळे पुसले, लपवून नाही. आता माझी पाळी होती. हे पत्रक सहा वर्षे माझ्याकडे होते, मी ते फालतू समजून बाजूला ठेवले, आणि म्हणून तुमचे हे दिवस असे गेले, हे मी सांगितले. माफीचे वाक्य मनात नीट रचून आणले होते. ते अर्ध्यावरच राहिले.

म्हाताऱ्याने माझ्याकडे निरखून पाहिले. "लांब्याला सत्तावीस दिवस लागले," ते म्हणाले. "तुम्हाला सहा वर्षं. तुम्ही आमच्या स्टोअरमध्ये शोभला असता."

मुलगी फस्सकन हसली आणि मग तिलाच रडू आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, दुसऱ्या हाताने ताटावरचे झाकण काढले आणि भाजी गार झाल्याची तक्रार केली. ती गरम करायला उठली. तेवढ्यात लेकीने बांधून दिलेले ते पुस्तक त्यांनी माझ्या हातात दिले.

"दोनशे तेरापासून वाचा," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं. तिलाही आत ऐकू जाऊ दे."