सर्वाधिकारी गटातलं नाव

सुहैरनं संगणकाच्या पडद्यावरची खिडकी बंद केली आणि पुन्हा उघडली. नाव तिथंच होतं. तिनं काकचा, म्हणजे तीळ लावलेल्या गोल पावाचा, तुकडा उचलला, तोंडाजवळ नेला आणि तसाच कागदावर परत ठेवून दिला.

डॉ. मम्दूह सुवैस. इस्पितळाच्या औषध विभागाचे प्रमुख. माणूस हिवाळ्यातच गेला होता. शोकाला बसलेल्या त्यांच्या भावंडांशी सुहैरनं स्वतः हात मिळवले होते, बिनसाखरेची कॉफी प्यायली होती. आणि आज, बाहेर खमासीनच्या धुळीच्या वाऱ्यानं अम्मानचं आभाळ पिवळं करून टाकलेलं असताना, तेच नाव इस्पितळाच्या नेटवर्कमधल्या सर्वांत वरच्या गटात येऊन बसलं होतं. त्या गटाला संगणक विभागात ‘सर्वाधिकारी’ म्हणत. त्यात विभागप्रमुख अबू लैस यांच्याशिवाय कुणाचं नाव असू नये, असा दंडक होता. इतकी वर्षं इथं काढूनही सुहैरचं नाव त्यात नव्हतं.

“काय गं, भूत दिसलं की काय?” शेजारच्या टेबलावरून राकाननं विचारलं.

“तसंच काहीतरी.”

“मग त्याला म्हणावं, तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर तेवढा दुरुस्त कर. माझ्यानं तो होत नाही.” राकान हसत हसत पेचकस घेऊन बाहेर पडला.

खोलीत ती एकटी उरली. तिनं खुर्ची पुढे ओढली.

इस्पितळातला प्रत्येक संगणक, प्रत्येक काचेचा दरवाजा, औषधांची कुलूपबंद कपाटं, सगळं एकाच ठिकाणी विचारून माणूस ओळखायचं. ती जागा म्हणजे डिरेक्टरी. तिथं तुमचं नाव ज्या गटात, तेवढंच तुमचं राज्य. नर्सला तिच्या वॉर्डापुरतं, डॉक्टरला त्याच्या रुग्णांपुरतं. सर्वाधिकाऱ्याला मात्र सगळं मोकळं. शिवाय दुसऱ्या कुणालाही हवा तो हक्क देण्याची मुभा. तळाशी असलेलं मेलेल्या माणसाचं खातं तिथवर चढलं कसं, हे ती एकेक पायरी मागे जात शोधू लागली.

पायरी सापडली ती फोटोकॉपीच्या मशीनपाशी. मशीनला कर्मचाऱ्यांचे पत्ते वाचता यावेत म्हणून कधीतरी एक खातं उघडून दिलं होतं. वाचायचा हक्क देताना कुणीतरी कंटाळून लिहायचाही देऊन टाकला होता. म्हणजे ते मशीन, किंवा मशीनच्या नावानं आत शिरलेला कुणीही, कुणाचंही नाव कोणत्याही गटात घालू शकत होता. त्या खात्याचा पासवर्ड मशीन बसवलं तेव्हापासून बदललेला नव्हता.

तिचा विश्वास बसेना. तिनं चाचणीसाठी ठेवलेलं एक रिकामं खातं घेतलं आणि त्याच वाटेनं वर पाठवलं. कुठं घंटा वाजली नाही. कुणी हटकलं नाही. रिकामं खातं क्षणात सर्वाधिकारी झालं. तिनं ते घाईघाईनं खाली आणलं आणि तळहात स्कर्टला पुसले.

मग तिनं पाहिलं, की मेलेल्या डॉक्टरांनी वर चढून केलं तरी काय. एकच गोष्ट केली होती. काल भर दुपारी पाचव्या मजल्यावरचं, मागच्या जिन्याचं दार उघडलं होतं. तिनं कॅमेऱ्याचं चित्र लावून पाहिलं. दार सरकलं, थोडा वेळ तसंच उघडं राहिलं, मिटलं. आत कुणी आलं नाही, बाहेर कुणी गेलं नाही. लांब बसून कुणीतरी नुसतं उघडतंय का ते पाहिलं होतं.

पाचव्या मजल्यावर हाज मिफ्ताह होते. दुसऱ्या देशातल्या मिसराता बंदरावरचे जुने अधिकारी, पोटात गोळी लागून आलेले. तिकडच्या कुठल्याशा प्रकरणात ते परदेशातल्या न्यायालयापुढे बोलणार आहेत, एवढं सगळ्या इस्पितळाला माहीत होतं. म्हणून दारापाशी पहाऱ्याला एक शिपाई बसवला होता. सुहैर नर्सच्या संगणकासाठी वर गेली, की ते तिला हाक मारत.

“ये, ये, पासवर्डवाली आली! काय गं मुली, माझ्या नातवाचं नाव पासवर्डला चालेल?”

“नाही चालणार, हाज. सगळ्यांना माहीत असतं ते.”

“मग माझ्या सासूचं ठेव. ते घ्यायची कुणाची हिंमत होणार नाही.”

त्यांची मुलगी नजला तेव्हा हसून बापाच्या अंगावरची चादर नीट करायची.

सुहैर उठली आणि थेट अबू लैसच्या खोलीत गेली. तिला नोकरी त्यांनीच लावली होती. कामही त्यांनीच शिकवलं होतं, ओरडून, पण मनापासून. वडील गेले तेव्हा तिच्या गावी, मादबापर्यंत गाडी हाकत सगळ्यांत आधी तेच आले होते. तिनं उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. मशीनचं खातं, डॉक्टर मम्दूह, जिन्याचं दार.

अबू लैसनी मध्ये एकदाही तोडलं नाही. एरवी ते तिचं पहिलं वाक्यसुद्धा पुरं होऊ देत नसत.

“दार लाव,” ते म्हणाले. तिनं लावलं. “कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही. आधी तुमच्याकडेच आले.”

“राकानला?”

“नाही.”

“बरं केलंस.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि न घालता टेबलावर ठेवला. “हुशार आहेस पोरी. मी सगळ्यांना सांगायचो, ही एक दिवस मला घरी बसवणार.”

“अबू लैस, ते खातं आत्ताच्या आत्ता बंद करायला हवं. आणि वर शिपायाला सांगायला हवं.”

“करू. मीच करतो. तुझ्याकडे तो हक्क कुठं आहे?”

“म्हणून तर आले.”

“बस जरा. रंग बघ चेहऱ्याचा. मी कॉफी घेऊन येतो.”

ती बसली. अबू लैस स्वतः कॉफी आणायला गेलेले तिनं आजवर पाहिले नव्हते. ते बसल्या जागेवरून हाक मारायचे आणि कॉफी यायची. टेबलावर पालथा ठेवलेला फोन त्यांनी जाताना उचलून नेला. ते बराच वेळ आले नाहीत. खिडकीच्या फटीतून आलेली बारीक धूळ टेबलाच्या काचेवर जमत होती. सुहैरनं तीत बोटानं रेघ ओढली, पुसली. दोनदा ती उठून दारापर्यंत गेली. पण न सांगता निघून जाणं त्यांना आवडायचं नाही, हे आठवून परत बसली.

ते आले तेव्हा दोन्ही हातांत पेले होते आणि डाव्या हाताच्या बशीत कॉफी सांडली होती.

“पी,” ते म्हणाले. “वेलदोडा जास्त घातलाय. तुला आवडतो.”

“खातं बंद झालं?”

“होईल. सगळं होईल. घाई कसली?” ते तिच्याकडे बघत नव्हते. “आई कशी आहे तुझी?”

“बरी आहे.”

“तिला जप. माझ्या पोराचं, लैसचं बघ, तिकडे परदेशात एकटा. फोन वाजला की त्याचंच काही असेल असं वाटतं. मुलांसाठी माणूस काय काय करतो, हे मुलं झाल्याशिवाय कळत नाही.”

जीभ भाजेपर्यंत घाईनं कॉफी संपवून ती उठली. त्यांनी तिला थांबवलं नाही. दारातून तिनं मागे पाहिलं, तर त्यांनी आपल्या पेल्याला हातही लावलेला नव्हता.

जागेवर येऊन तिनं तो गट पुन्हा उघडला. डॉ. मम्दूह सुवैस अजून तिथंच होते. आणि त्यांच्या खाली एक नाव नवं आलं होतं.

सुहैर करादशे.

तिनं ते वाचलं. अनोळखी बाईचं नाव वाचावं तसं, एकेक अक्षर. वेळ थोड्याच वेळापूर्वीची, ती कॉफीची वाट पाहत बसली होती तेव्हाची. हक्क देणाऱ्याच्या जागी मेलेल्या डॉक्टरांचं नाव होतं.

तिनं पाचव्या मजल्याचा फोन फिरवला. तो व्यस्त लागला. पुन्हा फिरवला. मग फोन तसाच टाकून ती धावली. लिफ्टसमोर आपलं कार्ड टेकवायला निघालेला हात तिनं, नावाची आणखी एक नोंद नको म्हणून, मागे घेतला आणि जिन्यानं निघाली. चौथ्या मजल्यावर श्वास लागला तेव्हा कठड्याला धरून क्षणभर थांबली, तेवढीच.

पाचव्या मजल्यावर शिपायाची खुर्ची रिकामी होती. सिस्टर इब्तिसाम खांद्यानं फोन धरून काहीतरी लिहीत होती. सुहैरला पाहून तिनं फोन ठेवला.

“अगं, धापा का टाकतेस? लिफ्ट बंद पडली?”

“हाज मिफ्ताह कुठं आहेत?”

“स्कॅनला नेलं की. दोघं जण आले होते न्यायला, मागच्या जिन्याकडच्या मोठ्या लिफ्टनं. नवे होते दोघंही. मी म्हटलं, माझ्याकडे काही कळवलेलं नाही, मी नाही सोडणार.” इब्तिसामनं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. “मग हे आलं. परवानगी देणाऱ्याचं नाव, सुहैर करादशे. शिपायालाही दाखवलं. तो म्हणाला, सुहैरनं दिलीय म्हणजे विचारायला नको. तोही गेलाय त्यांच्याबरोबर खाली, चहा प्यायला.”

“कधी?”

“झाला थोडा वेळ. का गं? तूच दिलीस ना?”

सुहैरनं खोलीचं दार ढकललं. चादर बाजूला लोटलेली होती. सलाइनची नळी काढून खांबाला नीट गुंडाळून ठेवली होती. उशीवर डोक्याचा खळगा अजून तसाच होता. तिनं त्यावर हात ठेवला. गार होता.

मागे पावलं वाजली. नजला दारात उभी होती, हातात मसुराच्या सूपचा झाकलेला डबा. तिनं रिकाम्या पलंगाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

“नेलं बाबांना? मला खालीच कुणीतरी सांगितलं, तू मध्ये पडलीस म्हणून.” तिनं डबा खाली ठेवला आणि सुहैरचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. “केव्हापासून स्कॅनला नंबर लागत नव्हता गं. तुझे उपकार कसे फेडू मी?”