आक्काच्या रेडिओवरची खाच

या, असे जवळ सरकून बसा. एका खाचेची गोष्ट सांगतो. एवढीशीच आहे, पण मन लावून ऐकलीत तर दोन घटका नामस्मरण केल्याचं सुख मिळेल.

आमच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारे एक म्हातारे बुवा आहेत. त्यांची थोरली बहीण, आक्का, त्यांच्याकडेच असते. तिची दृष्टी गेल्याला बरीच वर्षं झाली. आक्काच्या यजमानांनी जाण्याआधी तिच्या रेडिओच्या गोल बटणावर कानशीने एक खाच पाडून दिली होती. खाच वर आली की सहाशेच्या खुणेवरचं केंद्र लागायचं आणि भजनं सुरू व्हायची. आक्काचा दिवस त्या खाचेपासून उजाडायचा.

मग रेडिओ बिघडला. नवा आणू म्हटलं, तर आक्का म्हणाली, त्याला ही खाच कुठली?

बुवांनी बिघाड काढला, पण केंद्रांच्या खुणा सरकल्या होत्या. त्या जुळवायला त्यांनी घरीच सिग्नल जनरेटर बनवला, म्हणजे हव्या त्या खुणेची लहर सोडणारी पेटी. तिच्यावर सहाशे लावून रेडिओ जुळवला. खाच वर आणली, तर नुसती खरखर. पेटीतून सहाशेबरोबर तिच्या दुपटीची, बाराशेची लहरही सुटत होती आणि बुवांनी नेमकी तीच पकडली होती. गाणाऱ्याला सोडून साथ करणाऱ्याच्या मागे जावं, तसं झालं.

आता गाळणी हवी होती. सहाशेला वाट द्यायची, बाराशेला दारातच अडवायची. बुवांनी कागदावर गणित मांडलं: दोन कॉइल, तीन कपॅसिटर. पण म्हाताऱ्या बोटांत बारीक तार तुटायची. त्यांची सून पाण्याच्या पंपांच्या मोटारींच्या कारखान्यात तारा गुंडाळते. सुट्टीच्या दुपारी तिने दोन्ही कॉइल गुंडाळून दिल्या, ओठांत फेरे मोजत, जपाला बसल्यासारखी.

बुवांनी त्या शिस्तीत शेजारी शेजारी बसवल्या. सुनेने आपला छोटा रेडिओ बाराशेवर लावला. पेटीची शीळ तिथे अजून येतच होती. बुवांनी गणित तीनदा तपासलं, चूक सापडेना. आक्काला आता कोणत्या तोंडाने सांगू, असं पुटपुटत त्यांनी चष्मा काढून ठेवला.

सून वाकून बघत होती.

“मामंजी, दोघी जावांना मांडीला मांडी लावून बसवलंत. मग एकीचं दुसरीच्या कानात जाणारच. एकीला आडवी करा.”

हे ज्ञान घरातलं की कारखान्यातलं, असं बुवांनी विचारलं. दोन्हीकडचं, ती म्हणाली.

एक कॉइल काटकोनात फिरली, मध्ये डब्याच्या पत्र्याची भिंत आली. बाराशेवर शांतता, सहाशेवर खणखणीत शीळ. बुवांनी रेडिओ पुन्हा जुळवला, या खेपेला खऱ्या लहरीवर.

सकाळी आक्काने बोटाने खाच चाचपली, वर आणली. भजन लागलं. तिने हात बराच वेळ काढलाच नाही. मग हळूच म्हणाली, “यांनी ठेवली होती, तिथंच आहे रे.”

तुम्ही कधी सकाळी रेडिओ लावलात, तर त्या सुनेची आठवण काढा. खाच पाडणाऱ्याला तिने कधी पाहिलंही नव्हतं. त्याच्यासाठी फेरे मात्र तिने एकही न चुकता मोजले.